बाहेरून ली-एनफिल्ड, आतून खेळणे

लाकडी दस्त्याची ऐतिहासिक रायफल एअरसॉफ्टच्या खेळासाठी कशी घडवतात?

पोलिसांच्या खांद्यावरची जुनी ‘थ्री नॉट थ्री’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. तिच्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट खटकते. हे शस्त्र आहे. त्याच्या नळीत दारू पेटते आणि लागोपाठ गोळ्या झाडल्या की नळी हात लावू नये इतकी तापते. तरी डोळ्यांना दिसते ते बहुतेक लाकूडच. खांद्याला टेकणारा दस्ता लाकडाचा, नळीच्या खाली लाकूड, नळीच्या वरही लाकूड, आणि तेही थेट तोंडापर्यंत. आगीशी ज्याचा रोजचा संबंध, त्या वस्तूला जळणाऱ्या पदार्थाने का मढवले असेल?

याच कोड्याला जोडून दुसरे कोडे आहे. जपान, ब्रिटन, अमेरिका अशा देशांत ‘एअरसॉफ्ट’ नावाचा मैदानी खेळ लोकप्रिय आहे. दोन संघ एकमेकांवर ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडतात. ज्याला गोळी लागली त्याने स्वतःहून हात वर करून बाद व्हायचे, असा या खेळाचा शिरस्ता आहे. काही खेळाडू पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला गणवेश घालून खेळतात आणि त्या काळातल्या रायफलींच्या प्रतिकृती वापरतात. त्यांतले काही जण कितीतरी दिवस खपून खऱ्या लाकडाचा दस्ता घडवतात. ज्या खेळण्यातून जेमतेम ०.२ ग्रॅमची गोळी सुटते, त्याला प्लॅस्टिकचा दस्ता चालला नसता का?

अशी प्रतिकृती कशी घडते ते पाहिले की दोन्ही कोड्यांची उत्तरे मिळतात. या कामाचे मर्म असे, की लाकडाच्या बाबतीत मूळ वस्तूशी होईल तितके इमान राखायचे आणि आतल्या यंत्रणेच्या बाबतीत मूळ वस्तूपासून होईल तितके लांब राहायचे. त्यासाठी आपल्याला ओळखीचीच रायफल घेऊ : ली-एनफिल्ड, नंबर १, मार्क ३.

मूळ वस्तूची ओळख

या रायफलच्या नावात जेम्स पॅरिस ली या संशोधकाचे आडनाव आहे आणि लंडनच्या उत्तरेकडचे एनफिल्ड हे गावही आहे. बोल्ट (हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा) आणि काडतुसांची पेटी यांची रचना लीची, तर रायफल बनवण्याचा सरकारी कारखाना एनफिल्डला. मार्क ३ हे रूप १९०७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, नळी ६४ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आसपास आणि पेटीत दहा काडतुसे. नळीचा व्यास इंचाच्या ३०३ सहस्रांश म्हणजे ७.७ मिलिमीटर. ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच.

बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ही रायफल भारतातच तयार होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांच्या हातात ली-एनफिल्ड होती. स्वातंत्र्यानंतरही ती कित्येक दशके पोलिसांकडे राहिली. त्यामुळे हा ब्रिटिश नमुना असला तरी आपल्याकडच्या माणसांच्या हातांनी तो बनवला आहे, वाहिला आहे आणि सांभाळलाही आहे.

खरी रायफलसुद्धा नमुन्यावरूनच बनत असे. सरकारी मोहोर लावलेला एक आदर्श नमुना जपून ठेवलेला असे आणि कारखान्यातला माल त्याच्याशी ताडून पाहत. अशा नमुन्यांचा एनफिल्डमधला संग्रह पुढे नॉटिंगहॅमला आणि अखेर लीड्सच्या रॉयल आर्मरीज या संग्रहालयाकडे गेला. प्रतिकृती करणारा माणूसही कामाची सुरुवात नमुन्यापासूनच करतो. संग्रहालयातल्या वस्तू, मोजमापांसह छापलेले आराखडे आणि सैन्याच्या जुन्या पुस्तिका पाहून तो समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रे पूर्ण आकारात काढतो.

लाकूडच का?

पहिल्या कोड्याचे उत्तर उष्णतेत आहे. लाकडाच्या तुलनेत पोलादातून उष्णता सुमारे तीनशे पट सहज वाहते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश शिपायाला तीनशे यार्डांवरच्या लक्ष्यावर मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून मारण्याचा सराव असे. अशा वेळी उघडी नळी हातात धरता आली नसती. नळीवरचे लाकूड उष्णता अडवते, त्यामुळे शिपायाची बोटे भाजत नाहीत. कडाक्याच्या थंडीत पोलाद हाताला झोंबते, तेव्हाही तेच लाकूड उपयोगी पडते. लाकूड पेटायला बरीच जास्त आणि सलग उष्णता लागते. तापलेल्या नळीने ते सहसा पेटत नाही.

शिवाय लाकूड पोलादापेक्षा दहापटीहून हलके असते, गोळी सुटताना बसणारा धक्का सोसते, सुताराच्या साध्या हत्यारांनी हव्या त्या आकाराचे होते आणि मोडले तर सांधता येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एवढे सगळे गुण एकत्र असलेला दुसरा स्वस्त पदार्थ नव्हता.

ली-एनफिल्डच्या दस्त्यात एक चतुर युक्ती होती. जर्मन माउझरसारख्या रायफलींना टोकापासून टोकापर्यंत एकच लांब लाकूड लागे. ली-एनफिल्डचा मागचा दस्ता आणि नळीखालचे पुढचे लाकूड हे दोन वेगळे तुकडे असतात. मागचा दस्ता पोलादी खोबणीत बसतो आणि त्याच्या पोटातून जाणारा लांब बोल्ट तो घट्ट आवळून धरतो. याचे फायदे तीन. लहान लाकडांवर काम भागते, दस्ता मोडला तर तेवढाच बदलता येतो, आणि बुटक्या किंवा उंच शिपायाला त्याच्या मापाचा दस्ता देता येतो. सैन्याकडे वेगवेगळ्या लांबीचे दस्ते खरोखर तयार असत. घरच्या घरी प्रतिकृती करणाऱ्यालाही ही रचना सोयीची पडते, कारण सव्वा मीटर लांबीचे निर्दोष लाकूड मिळवण्यापेक्षा दोन मध्यम तुकडे मिळवणे सोपे असते.

लाकडाची रेघ आणि लाकडातले पाणी

लाकूड निवडताना दोन गोष्टी कळायला हव्यात. पहिली म्हणजे रेघ. लाकूड ही बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी आहे, असे समजा. झाड याच नळ्यांतून मुळांचे पाणी वर नेते. मोळीतल्या काड्या आडव्या मोडायला जोर लागतो, पण त्या एकमेकींपासून सोडवणे सोपे असते. म्हणूनच लाकूड रेघेच्या दिशेने चटकन चिरते. दस्त्याचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे चापामागची बारीक मान, जिथे हाताची मूठ बसते. तिथे रेघा तिरप्या जाऊन बाहेर पडत असतील तर रायफल एकदा हातातून पडली तरी मान तुटू शकते. त्यामुळे फळीवर दस्त्याचा आकार आखताना मानेतल्या रेघा मानेच्याच दिशेने धावतील अशी मांडणी करतात. थोडे लाकूड वाया गेले तरी चालते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यात दार घट्ट बसते आणि उन्हाळ्यात सैल होते, हा अनुभव घरोघरचा आहे. हवेत ओलावा वाढला की लाकूड तो शोषते आणि फुगते, हवा कोरडी झाली की आकसते. पण हा बदल सगळ्या दिशांना सारखा नसतो. पूर्ण ओले लाकूड पूर्ण वाळवले तर रेघेच्या दिशेने ते सुमारे ०.१ ते ०.२ टक्केच आकसते. रेघेला आडवे मात्र ते बरेच आकसते : खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे अक्रोडाचे लाकूड सुमारे साडेपाच टक्के, तर खोडाच्या गोलाईच्या दिशेने सात-साडेसात टक्के. सागवानासाठी हेच आकडे अडीच आणि सहाच्या आसपास आहेत. दारा-खिडक्यांसाठी साग का मानला जातो, त्याचे एक कारण या आकड्यांत आहे.

याचा रायफलवर काय परिणाम होतो ते मोजून पाहू. कोरड्या उन्हाळ्यात, हवेतली आर्द्रता ३० टक्के असताना, लाकडात सुमारे ६ टक्के पाणी उरते. कोकणातल्या मुसळधार पावसाळ्यात ते १८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ४५ मिलिमीटर रुंदीचे सागवान एवढ्या फरकाने साधारण एक मिलिमीटर रुंदावते. धातूची नळी आणि पट्ट्या मात्र होत्या तेवढ्याच राहतात. लाकूड आणि धातू यांच्यात अर्धा मिलिमीटरही मोकळीक नसेल तर फुगलेले लाकूड नळीला एका बाजूला रेटते, नाहीतर स्वतःच चिरते.

ही अडचण खऱ्या रायफल बनवणाऱ्यांनाही होती आणि प्रत्येकाने तिच्यावर आपला तोडगा काढला. ब्रिटिशांची पसंती अक्रोडाला होती, पण युद्धकाळात बीच आणि बर्चही वापरावे लागले. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याला स्थानिक, नरम कोचवुड वापरावे लागले, तेव्हा धक्का सोसणाऱ्या जागी त्यांनी तांब्याचे तुकडे बसवले. ईशापूरच्या अनेक रायफलींत पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू घातलेला दिसतो. लाकूड चिरू नये म्हणून केलेली ती मजबुती आहे. जर्मनांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बीचचे पातळ थर चिकटवून माउझरचे दस्ते केले. असे थरांचे लाकूड कमी वाकते आणि ते वर्षानुवर्षे वाळवत ठेवावे लागत नाही. आज सैन्याच्या रायफलींवर लाकूड दिसत नाही त्याचे मोठे कारण हेच. काचतंतू घातलेले प्लॅस्टिक हवेतल्या ओलाव्याने असे वाकत नाही.

प्रतिकृतीसाठी अक्रोड मिळाले तर उत्तम. ते मध्यम कठीण असते, बारीक कोरता येते आणि मूळ रायफलशी जुळते. सागवान फारसे आकसत नाही, पण त्यातल्या वाळूसारख्या सिलिकाच्या कणांनी पटाशीची धार लवकर जाते. शिसव देखणे आणि चिवट असते, पण जड. लाकूड कोणतेही घ्या, ते पूर्ण वाळलेले हवे. उघड्यावर, सावलीत वाळवायचे तर इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, हा सुतारांचा जुना अंदाज आहे. जुन्या वाड्याच्या तुळईचे किंवा मोडलेल्या फर्निचरचे लाकूड अशा कामाला फार चांगले. त्याचे वाळणे-वाकणे केव्हाच होऊन गेलेले असते.

आधी आतून, मग बाहेरून

नवशिक्याला वाटते की आधी दस्त्याला रायफलसारखा आकार द्यावा आणि मग आत नळीसाठी खाच कोरावी. अनुभवी कारागीर नेमके उलट करतो. लाकूड चौकोनी ठोकळा असते तोवर त्याला सपाट, काटकोनी बाजू असतात. गुण्या लावून मोजता येते, शिकंज्यात घट्ट धरता येते. बाहेरून गोलाई आली की मोजायला सरळ कडाच उरत नाही. म्हणून नळीची खाच, यंत्रणेची पोकळी आणि स्क्रूची भोके आधी करतात.

मागच्या दस्त्यातले लांब भोक हे सर्वांत जोखमीचे काम. गिरमिट लाकडाच्या रेघेबरोबर भरकटते आणि दुसऱ्या टोकाला भलत्याच जागी बाहेर येते. यावरचा उपाय साधा आहे. जाड ठोकळ्यात आधी भोक पाडायचे आणि ते जसे पडले असेल तसे धरून दस्त्याची आखणी त्याच्याभोवती करायची.

नळी खाचेत अचूक बसवण्याची रीत शेकडो वर्षांची आहे आणि अजून तिला तोड नाही. तेलाच्या दिव्यावर धरून धातूच्या भागाला काजळी लावतात आणि तो खाचेत हलकेच दाबतात. उचलल्यावर जिथे जिथे लाकूड धातूला टेकले तिथे काळे ठसे उमटलेले असतात. फक्त तेवढेच ठसे धारदार पटाशीने खरवडायचे, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. सुरुवातीला दोन-चार ठिपके दिसतात, हळूहळू ते पसरतात आणि शेवटी पूर्ण खाचेत सारखा करडा रंग येतो. म्हणजे धातू सगळीकडे सारखा टेकला. या कामात घाई करता येत नाही. जास्त खरवडले गेलेले लाकूड परत लावता येत नाही.

यानंतर करवत, रंधा आणि लाकडाची कानस वापरून बाहेरचा आकार येतो. ली-एनफिल्डच्या लाकडाला फारसे नक्षीकाम नाही. तिचे रूप आहे ते सलग उतरत्या रेषांत. दस्त्याची खालची कड, मानेची जाडी आणि नळीवरच्या लाकडाची गोलाई या तीन ठिकाणी मापे चुकली की पितळी पट्टी, तोंडाजवळची टोपी आणि बाकीचे सगळे सामान कितीही अस्सल असले तरी नजरेला खोट कळते. पुठ्ठ्याचे साचे कापून जागोजागी लावून पाहणे हाच त्यावर भरवशाचा उपाय आहे.

जवसाचे तेल

आकार झाला की पॉलिश पेपर. १२० नंबरपासून सुरुवात करून १८०, २४० आणि ३२० पर्यंत, नेहमी रेघेच्या दिशेने. मध्येच एकदा ओल्या फडक्याने लाकूड पुसायचे. दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहतात. वाळल्यावर ते घासून टाकले की पुढे दमट हवेतही पृष्ठभाग खरखरीत होत नाही. कुठे पोचा पडला असेल तर त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवायची. वाफेने चेपलेले तंतू पुन्हा फुगतात आणि पोचा बराचसा भरून निघतो.

शेवटचा हात तेलाचा. ब्रिटिश सैन्य आपल्या रायफलींच्या लाकडाला कच्चे जवसाचे तेल पाजत असे. हे तेच जवस, ज्याची चटणी विदर्भ-मराठवाड्यात घरोघर होते. पाणी वाळते तसे हे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडाच्या वरच्या थरात मुरलेला चिवट, लवचिक पापुद्रा तयार होतो. तेल अगदी पातळ लावायचे, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसून काढायचे आणि पुरते वाळल्यावरच पुढचा हात द्यायचा. एका दमात जाड थर दिला तर तो कित्येक आठवडे चिकट राहतो.

तेलामुळे लाकडाचे ओलावा शोषणे मंदावते, थांबत नाही. म्हणून बाहेर दिसणाऱ्या भागांइतकेच तेल आतल्या खाचांना आणि कापलेल्या टोकांनाही द्यावे लागते. लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते ते उघड्या टोकांतूनच.

इथे एक इशारा गांभीर्याने घ्यायला हवा. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. वापरलेली फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

दारूऐवजी हवा

आतापर्यंत मूळ रायफलच्या पावलावर पाऊल ठेवून चाललो. आता वाट बदलते. खऱ्या रायफलमध्ये काडतूस असते आणि त्यात दारू असते. ती पेटून तयार झालेला वायू गोळीला ढकलतो. प्रतिकृतीत काडतूस नाही, दारू नाही आणि आग नाही.

बोल्ट मागे ओढला की एक स्प्रिंग दाबली जाते आणि चापाला जोडलेल्या खिट्टीत अडकते. तिच्यापुढे नळकांड्यात पिस्टन असतो. बोल्ट पुढे ढकलताना पेटीतली एक गोळी नळीच्या तोंडाशी येते. चाप ओढताच खिट्टी सुटते, स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, नळकांड्यातली हवा दाबली जाते आणि तीच गोळीला बाहेर ढकलते. पुढची गोळी झाडायची तर पुन्हा बोल्ट ओढायचा. जुन्या रायफलच्या शिपायालाही प्रत्येक गोळीनंतर हेच करावे लागे. म्हणूनच खेळाडूंना ही यंत्रणा जवळची वाटते. तोक्यो मारुई या जपानी कंपनीने १९९१ मध्ये विजेच्या मोटरवर चालणारी एअरसॉफ्ट रायफल आणली. तिच्यात हा कष्ट नाही, पण ली-एनफिल्डच्या प्रतिकृतीत हा कष्टच अनुभवाचा गाभा आहे.

ताकदीतला फरक हिशोबाने पाहावा. वस्तूची गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली तर तिची ऊर्जा बरोबर १ ज्यूल भरते. थ्री नॉट थ्रीची ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने निघे. तिची ऊर्जा ३,१०० ज्यूलच्या पुढे जाते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंच्या ताकदीत तीन हजार पटींचे अंतर आहे.

उलट फिरकी

एवढ्या हलक्या गोळीला हवेचा अडथळा फार जाणवतो. सेकंदाला १०० मीटर वेगाने निघालेल्या गोळीचा वेग पहिल्या पंचवीस मीटरांतच निम्म्याच्या खाली येतो. खांद्याच्या उंचीवरून सरळ झाडली तर तीस मीटरांच्या आसपास ती जमिनीला टेकायला हवी. तरीही चांगली प्रतिकृती पन्नास मीटरपर्यंत गोळी जवळजवळ सरळ नेते. हे कसे?

ली-एनफिल्डच्या नळीत आतून पाच पीळदार खाचा असत. त्या लांबट गोळीला तिच्या प्रवासाच्या दिशेभोवती गरगर फिरवत, त्यामुळे गोळी डगमगत नसे आणि तिचे टोक पुढेच राही. प्रतिकृतीतली गोळी पूर्ण गोल असते, तिला टोकच नाही. म्हणून इथली नळी आतून गुळगुळीत असते आणि फिरकी वेगळ्या दिशेने दिली जाते. नळीच्या सुरुवातीला, छताच्या बाजूने रबराचा छोटा उंचवटा किंचित खाली आलेला असतो. गोळी त्याच्याखालून जाताना तिचा वरचा भाग अडतो, खालचा पुढे सरकतो आणि गोळी उलटी फिरत बाहेर पडते. या रचनेला खेळाडू ‘हॉप-अप’ म्हणतात.

उलट्या फिरणाऱ्या गोळीच्या वरच्या बाजूने हवा सहज मागे जाते, खालच्या बाजूने अडखळते. मागे जाणारा हवेचा झोत खाली वळतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून गोळी वर उचलली जाते. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक गुस्ताफ माग्नुस यांनी १८५० च्या दशकात याचा अभ्यास केला, म्हणून याला माग्नुस परिणाम म्हणतात. टेबल टेनिसमध्ये बॅटने खालून कापलेला चेंडू हवेत तरंगत जातो, तोही याच परिणामाने. रबराचा दाब असा जुळवायचा की वर उचलणारे बल गोळीच्या वजनाएवढे भरेल. दाब जास्त झाला तर गोळी आभाळाकडे वळते, कमी झाला तर लवकर खाली येते. ऊर्जा तेवढीच ठेवून जड गोळी वापरली तर ती निघते हळू, पण वेग टिकवते आणि वाऱ्याने कमी ढळते. म्हणून नेमबाजीची आवड असलेले खेळाडू ०.२ ऐवजी ०.३ ग्रॅम किंवा त्याहून जड गोळ्या घेतात.

लांब नळीचा गैरसमज

मूळ नळी ६४ सेंटिमीटरची, म्हणून आतली नळीही तेवढीच लांब ठेवावी, हा मोह टाळायचा असतो. खऱ्या रायफलमध्ये गोळी नळीतून पुढे सरकत असताना वायूचा मोठा दाब तिला ढकलत राहतो. प्रतिकृतीत मात्र नळकांड्यात मावेल तेवढीच हवा आहे. ६.०३ मिलिमीटर व्यासाच्या ५० सेंटिमीटर नळीत सुमारे १४ मिलिलिटर हवा मावते. नळकांड्यातली हवा याहून बरीच जास्त हवी, कारण ती दाबलेली असताना गोळीला तोंडापर्यंत न्यायची असते. नळी फार लांब झाली तर हवा आधी संपते आणि उरलेल्या प्रवासात गोळीचा वेग घटतो. म्हणून बाहेरची दिसणारी नळी पूर्ण मापाची आणि तिच्या आत लपलेली खरी नळी आखूड, अशी रचना करतात.

अचूकतेसाठी लांबीपेक्षा नळीची स्वच्छता, रबराचा समतोल आणि हवेची गळती नसणे जास्त महत्त्वाचे असते. आतली नळी डुलली तरी नेम जातो. तिला दोन-तीन ठिकाणी बाहेरच्या नळीत घट्ट आधार देतात.

जोडणी : लाकडाला जागा द्या

शेवटी दोन्ही भाग एकत्र येतात आणि पुन्हा लाकडाचा स्वभाव आड येतो. स्क्रू थेट लाकडावर आवळला तर लाकूड दबते, पुढच्या उन्हाळ्यात आकसते, स्क्रू सैल होतो, आपण पुन्हा आवळतो आणि लाकूड आणखी दबते. मूळ ली-एनफिल्डच्या पुढच्या मुख्य स्क्रूभोवती यासाठीच पोलादी कॉलर असे. स्क्रूचा दाब धातूकडून धातूकडे जाई आणि लाकूड मध्ये सुखाने राही. प्रतिकृतीतही प्रत्येक मोठ्या स्क्रूभोवती ॲल्युमिनियमची किंवा पितळेची छोटी नळी बसवावी.

दुसरी काळजी पुढच्या भागाची. यंत्रणेजवळ लाकूड आणि धातू घट्ट टेकलेले असावेत, पण पुढे नळीच्या बाजूंना कागदाच्या दोन-तीन घड्या सहज सरकतील एवढी मोकळीक असावी. पावसाळ्यात लाकूड फुगले तरी ते नळीला रेटत नाही आणि नेम ढळत नाही. प्लॅस्टिकच्या दस्त्याला यांतले काही लागत नाही हे खरे. पण चार किलोंचे वजन, हाताला लागणारी लाकडाची ऊब आणि खांद्यावर बसणारा दस्त्याचा उतार हे अनुभवल्याशिवाय शंभर वर्षांपूर्वीचा शिपाई काय वाहत होता ते कळत नाही. दुसऱ्या कोड्याचे उत्तर हे आहे.

चौकट : थोडक्यात

• लाकूड उष्णता अडवते, हलके असते आणि दुरुस्त करता येते, म्हणून जुन्या रायफलींवर ते होते. ओलाव्याने ते फुगते-आकसते, म्हणून मागे पडले.
• मानेतल्या रेघा मानेच्या दिशेने हव्यात. लाकूड पूर्ण वाळलेले हवे.
• खाचा आणि भोके आधी, बाहेरचा आकार नंतर. अचूक बसवण्यासाठी काजळीचे ठसे पाहावेत.
• जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. तेलकट फडकी पसरून वाळवावीत.
• यंत्रणा : स्प्रिंग, पिस्टन, हवा. गोळी ६ मिमी, प्लॅस्टिकची.
• उलट्या फिरकीमुळे गोळी लांब जाते, नळीच्या लांबीमुळे नव्हे.
• स्क्रूंना धातूचे कॉलर, नळीच्या बाजूंना मोकळीक.

खेळणे खेळणेच राहिले पाहिजे

अशी प्रतिकृती जितकी हुबेहूब, तितकी तिच्या मालकाची जबाबदारी मोठी. पहिली जबाबदारी डोळ्यांची. एक ज्यूलची गोळी कपड्यावर फक्त टोचते, पण डोळा कायमचा घालवू शकते. युरोपच्या ईएन १६६ मानकातल्या ‘बी’ दर्जाच्या चष्म्यांची परीक्षा ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला १२० मीटर वेगाने आदळवून घेतात. तो आघात सुमारे ६ ज्यूलचा होतो. मैदानावर त्या दर्जाचा, कडांनी बंद असलेला गॉगल एक क्षणही काढता कामा नये.

दुसरी जबाबदारी कायद्याची. जपानमध्ये अशा बंदुकांची ऊर्जा ०.९८ ज्यूलच्या खाली असावी लागते. ब्रिटनमध्ये एकेक गोळी झाडणाऱ्या प्रकाराला २.५ ज्यूल आणि सलग झाडणाऱ्या प्रकाराला १.३ ज्यूल ही मर्यादा आहे. अमेरिकेत अशा खेळण्यांच्या तोंडाशी भडक नारिंगी खूण असावी लागते. दुरून पाहणाऱ्याला, विशेषतः पोलिसाला, ही वस्तू खरी वाटू नये हा त्यामागचा हेतू.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो. जी वस्तू खेळणे म्हणूनच वापरता येते आणि जिचे कामाच्या शस्त्रात रूपांतर करता येत नाही, तिला हा कायदा शस्त्रांतून वगळतो. पण खऱ्या बंदुकीचे सुटे भागही तो बंदुकीतच धरतो, आणि नकली बंदूक परवान्याशिवाय खरी करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे भंगारात मिळालेला जुना बोल्ट किंवा नळीचा तुकडा अस्सलपणासाठी लावण्याचा विचारही करू नये. हवेच्या बंदुकांसाठी २०१६ चे शस्त्र नियम ऊर्जेबरोबर नळीच्या व्यासाचाही विचार करतात. म्हणून गोळी झाडणारी कोणतीही प्रतिकृती मागवण्याआधी किंवा बनवण्याआधी आपल्या पोलीस आयुक्तालयात किंवा अधीक्षक कार्यालयात शस्त्र परवान्याच्या शाखेत लेखी विचारणा करावी.

ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी सुरुवात न झाडणाऱ्या प्रतिकृतीपासून करावी. लाकडाचा दस्ता, लाकडाचीच भरीव नळी आणि तोंडाला नारिंगी खूण. नाटकासाठी, शाळेतल्या इतिहासाच्या प्रदर्शनासाठी किंवा घराच्या भिंतीसाठी ती पुरेशी आहे. या लेखातली लाकूडकामाची प्रत्येक पायरी तिच्यात शिकता येते आणि कुणाच्या जिवाला धोकाही राहत नाही. ती घराबाहेर बंद पिशवीतच न्यावी-आणावी आणि रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी कधीही उघडी काढू नये.